न्हाणीतले मासे

सिंधूला किळस फार, हे रेणापुरात तिच्या माहेरच्या अख्ख्या गल्लीला माहीत होतं. पंगतीत बसली की पत्रावळ उलटीपालटी करून बघायची. पाहुण्यांकडं चहा आला की कपाच्या कडेला कुणाच्या ओठाचा डाग राहिलाय का, ते उजेडाकडं धरून तपासायची, आणि तेही पाहुण्यांच्या देखत. तिची आई कपाळाला हात लावून म्हणायची, "देवानं हिचं नाक आधी घडवलं, अन् उरल्या मातीत बाकीची पोरगी बसवली."

अशी ही सिंधू नांदेडला तरोड्यात दिली. नवरा दयानंद, मोबाईल दुरुस्तीचं दुकान. इस्त्रीचा शर्ट घालून चिमट्यानं बारीक काम करणारा माणूस. सिंधूला वाटलं, चला, शेणातून सुटले.

सुटली कुठली! दयानंदाला गळ टाकायचा नाद लागला. रविवार आला की हा विष्णुपुरीच्या पाण्यावर, नाहीतर कुठल्यातरी तलावावर. तिथं लातूर, नांदेड, पार उदगीरचे गळवाले जमायचे आणि सगळ्यांचं एकच रडगाणं असायचं. मरळ, ही मोठी शिकारी मासळी, मेल्या माशाकडं ढुंकून बघत नाही. तिला गळाला वळवळणारा, बोटाएवढा जिता मासा लागतो, आणि तो मासा धरणापर्यंत जिता पोचतच नाही. गळवाले त्या माशाला नुसतं 'चारा' म्हणतात. दयानंदानं ठरवलं, आपण चारा पुरवायचा. मासे नदीतून आणायचे, घरी ठेवायचे आणि मागणी आली की पोचवायचे.

घरी म्हणजे कुठं? घराला न्हाणी एकच होती. दयानंदानं तिच्यात अर्ध्या भिंतीएवढा विटांचा हौद बांधला, वरून सिमेंट फासलं, पाणी भरलं आणि मासे सोडले.

"दोनच महिने," तो म्हणाला.

दोन उन्हाळे गेले. सकाळी न्हाणीचं दार उघडलं की आधी वास अंगावर यायचा. शेवाळाचा, भिजल्या कुत्र्याचा आणि त्यात मिसळलेला आणखी कसलातरी आंबूस. भिंतीला बोट लावलं तर घसरायचं. पायाखालची फरशी बुळबुळीत. एकदा हौदातून उडालेला एक मासा साबणाच्या डबीत सापडला, वाळून कडक झालेला. सिंधूनं तो साबण, ती डबी आणि त्या दिवशीचं जेवण, तिन्ही टाकून दिलं. तेव्हापासून ती घरामागं पत्र्याला साडी बांधून, शेजार उठायच्या आत आंघोळ उरकायची. थंडी असो की काहीही.

"आवो, हे कवा हलवणार?"

"जागा बघून राहिलो ना."

"दोन वरसं झाली तुमी बघूनच राहिलाव."

"जरा दम धर की."

"दम धरूनच हाय मी. दुसऱ्या हातानं नाक."

कोंडाबाई, दयानंदाची आई, ओसरीत तांदूळ निवडता निवडता हसायची. तिचं सगळं आयुष्य बैलांच्या गोठ्यात गेलेलं, तिला कसला वास? उलट सून असं नाक मुरडते, याचीच तिला गंमत. "सिंधू, तुला मेल्यावर बी वास येईल बघ. तिरडीवरून उठून म्हणशील, ही फुलं शिळी हायेत."

धंद्याचं म्हणाल तर दयानंद मासे मारत होता. मारत म्हणजे वाटेत मरू देत होता. निळ्या ड्रममध्ये दाटीवाटीनं भरायचा, उन्हात गाडीवर बांधायचा आणि तलावावर पोचून झाकण उघडलं की वर पांढरी पोटं. मग तो ड्रम तसाच घरी यायचा आणि धुवायला सिंधूकडं. मेलेल्या माशांचं पाणी दिवसभर तापलेलं. तिनं पहिल्यांदा झाकण काढलं तेव्हा ती अंगणात गुडघ्यांवर बसून ओकली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिनं पदर नाकाला बांधला आणि नवऱ्याला म्हणाली, "हे मला परत धुवायचं न्हाई. त्यापरीस मासे मरणारच न्हाईत असं करते."

आणि तिनं केलं. ड्रमात गर्दी करायची नाही. वरपर्यंत पाणी भरायचं नाही. ज्या पाण्यात मासे राहिले तेच पाणी वाटेला घ्यायचं, नळाचं नाही, कारण नळाच्या पाण्याला पावडरीचा वास येतो. मूठभर खडेमीठ. ड्रमाला बाहेरून ओलं पोतं. दयानंदानं दुकानातल्या बॅटऱ्यांवर चालणारी हवेची बारकी मोटार जोडून दिली, तिचे बुडबुडे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी माशांना दाणा द्यायचा नाही. पोट रिकामं असलं की वाटेत पाणी घाण होत नाही. भरल्या पोटाचा मासा ड्रमातच हागतो आणि स्वतःच्याच घाणीत गुदमरून मरतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती रोज वाकून, तोंड वाकडं करून त्या पाण्याचा वास घ्यायची, आणि कशानं काय बिघडतं ते तिच्या नाकाला कळत गेलं. माशांची दया तिला कधीच आली नाही. जिते तर जिते, ते अंगाला लागले की तिच्या दंडावर काटा उभा राहायचा.

असं चाललेलं असताना गुरुपादप्पा सरांचा फोन आला. लातूरचे. शाळेतून निवृत्त झालेले, लिंबोटी धरणाच्या कडेला त्यांचं रान, आणि रविवारी त्या रानात गळवाल्या मित्रांचा अड्डा. दयानंदानं फोन स्पीकरवर टाकला.

"दयानंदराव, रविवारी माणसं येतायत. चारा जिवंत पोचवून दाखवा, तर माझ्या रानातला सिमेंटचा हौद तुमचा. मोटार आहे, लाइट आहे. तिथंच ठेवा मासे. घरात कशाला ठेवता? घरात माणसं राहतात."

पोळी लाटणाऱ्या सिंधूचा हात थांबला. घरात माणसं राहतात! दोन उन्हाळ्यांत हे वाक्य बोलणारा हा पहिला माणूस होता. ती फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "सर, पोचवते. एक बी मरू देत न्हाई."

दयानंद चमकला. "तू येणार?"

"न्हाणी माझी हाय. मीच येणार."

शनिवारी तिनं दाणा बंद केला. न्हाणीच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि सासूला बजावलं, "आत्याबाई, आज ह्यांला काही टाकायचं न्हाई हं. उपास हाय त्यांचा." कोंडाबाई "हाव, हाव" म्हणाली. म्हणजे तिनं ऐकलं, एवढंच.

रविवारी उजाडता उजाडता भाड्याची ओमनी निघाली. दयानंद गाडी चालवायला, शेजारी कोंडाबाई, कारण तिला धरण बघायचं होतं, आणि मागं सीट काढलेल्या जागेत ड्रमाला मिठी मारल्यासारखी सिंधू. ऊन आत्ताच चटका देत होतं.

सोनखेड मागं पडलं आणि सिंधूच्या नाकपुड्या हलल्या.

"गाडी थांबवा."

"काय झालं? लघवीला लागली का?"

"थांबवा म्हणते ना."

तिनं झाकण उचललं. पाण्यावर फेस आला होता. साबणाचा येतो तसला हलका नव्हे. पिवळट, चिकट, बुडबुडा फुटतच नाही असा. त्यातून आंबल्या पिठाची आणि विष्ठेची घाण भप्पकन तिच्या तोंडावर आली. मासे वर येऊन आ वासत होते. तीनचार उताणे झाले होते आणि एकाच्या मागं शेवयीसारखी पांढरी, लांब घाण लोंबत होती.

"ह्यांनी काहीतरी खाल्लंय." सिंधूचा आवाज चिरकला. "तुमी चारलं?"

"मी कामून चारू? मी तर रात्री दुकानावरच होतो."

दोघांनीही ड्रायव्हरशेजारच्या सीटकडं बघितलं. कोंडाबाई खिडकीतून बाहेर ज्वारीचं रान बघत होती, मोठ्या लक्षपूर्वक. रानात ज्वारी नव्हती, नुसती धसकटं होती.

"माय?"

"काल अवस होती," कोंडाबाई म्हणाली.

"मंग?"

"मंग काय? दर अवसेला मी गोदावरीवर जाते, कणकेच्या गोळ्या टाकते माशांला. तुझा बाप गेल्यापासून एक अवस चुकली न्हाई. काल गुडघा धरला, ऊन असं. म्हणलं घरात मासे असताना नदीवर कशाला जायचं? नदीतला मासा अन् न्हाणीतला मासा, देवाला सारखाच."

"किती टाकलं?" सिंधूनं विचारलं.

"पोटभर."

"आत्याबाई! म्या सांगितलं होतं ना, उपास हाय म्हणून!"

"अगं, तूच म्हणतीस उपास हाय. उपास सोडायला नको का?"

दयानंदाला हसू आलं आणि त्याचं त्यालाच कळलं की आपण हसायला नको होतं, कारण सिंधूनं फेसानं भरलेला हात वर धरला होता आणि तो हात आता कुठं जाईल याची काही शाश्वती नव्हती.

"पाणी बदलायचं," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"पुढं हॉटेल हाय, तिथून थंडगार जार घेतो की."

"थंडगार जार माशांला दिला तर ते आखडून मरतील. अन् तो जार कुण्या नळाचा ते तुमाला ठावं? विहीर बघा."

विहीर सापडली ती लिंबाजी नावाच्या एका म्हाताऱ्याची. बांधावर बाभळीखाली बसून तो विडी ओढत होता. लाइट गेलेली, म्हणजे मोटार बंद. त्यानं पोहरा आणि दोर दिला, ड्रमात डोकावला आणि विडी काढून म्हणाला, "विहिरीतून मासे नेताना माणसं बघितली. विहिरीवर मासे घेऊन आलेले तुमीच पहिले."

"लिंबाजीबुवा, पाणी ओढा जरा," दयानंद म्हणाला.

"मी? मासे तुमचे, घाण तुमची. मी नुसता बघून राहिलो."

मग दयानंद पाणी ओढायला लागला. सिंधू पोहऱ्यातलं पाणी आधी उन्हात बादलीत ठेवायची, हातानं कोमट वाटलं की तांब्या तांब्या करून ड्रमात सोडायची आणि तेवढंच घाण पाणी बाहेर काढायची. एकदम बदललं तर मासे दचकून मरतात. म्हणून ते तिला हळू करावं लागत होतं, आणि हळू करायचं म्हणजे त्या घाणीत जास्त वेळ हात घालून राहायचं. जाळी घरीच राहिली होती. मेलेले मासे तिनं मुठीनं काढले. ते मुठीतून निसटायचे, शेंबडासारखा त्यांचा बुळबुळीत थर बोटांच्या बेचक्यात राहायचा. एक फुटला. आतली कणीक तिच्या तळहातावर आली, अर्धी पचलेली, कोमट.

सिंधू बांधाच्या पलीकडं धावली आणि ओकली. तोंड पुसायला हात वर नेला, हात बघितला आणि परत ओकली.

लिंबाजीनं विडी विझवली आणि निमूट जाऊन दोराला हात लावला.

सिंधू परत आली तेव्हा ड्रमापाशी कोंडाबाई होती. नऊवारीचा काष्टा वर खोचून, कोपरापर्यंत हात घालून ती मेलेले उचलत होती. शेण उचलावं तसे. उचलता उचलता बोलतही होती, कुणाकडंच न बघता.

"माझं काय चुकलं म्हणून सांग. तिथं नेऊन तुमी त्यांच्या अंगात आकडा खुपसणार. मरणारच हायेत. उपाशी मरायचे ते जेवून मेले. बैल बी बाजाराला नेताना आधी पेंड घालतो माणूस."

सिंधूनं तोंडातलं आंबट गिळलं. ती नुसती म्हणाली, "आत्याबाई, त्यो तुमच्या डाव्या हाताखाली हाय ना, त्यो बी मेलाय. काढा."

निम्मे मेले. उरलेले हळूहळू वर यायचे थांबले, तळाशी गेले, गोल फिरायला लागले. तेव्हाच गाडी पुढं निघाली. सिंधू ड्रमावर वाकून दर वळणाला वास घेत राहिली. आपल्या नाकाचा तिला इतका राग कधी आला नव्हता.

लिंबोटीच्या काठावर गुरुपादप्पा सर टोपी घालून उभे होते, अंगावर पांढरा शुभ्र सदरा. मित्रमंडळी झाडाखाली. एकाच्या तोंडात गुटखा, त्याची पिचकारी थेट पाण्याच्या काठावर. सरांनी ड्रमात बघितलं.

"वा! पळतायत की. सगळे पोचले?"

"एक न् एक, सर," दयानंद म्हणाला.

सिंधूला हौद हवा होता. न्हाणी हवी होती. तोंड गप्प ठेवलं असतं तर दोन्ही मिळत होतं. पण आज तिच्या पोटात आणखी काही घाण ठेवायला जागाच उरली नव्हती.

"निम्मे मेले, सर. वाटेत पाणी नासलं. मी 'एक बी मरू देत न्हाई' म्हणले होते. मेले."

दयानंदानं आभाळाकडं बघितलं. सर हसले. "निम्मे तर निम्मे. इतर लोक आणतात ते सगळेच मेलेले असतात." त्यांनी ड्रमात हात घातला, एक मासा अलगद चिमटीत धरला आणि गप्पा मारता मारता त्याच्या पाठीतून गळ आरपार काढला. मासा धनुष्यासारखा वाकला. सरांनी खिशातून सॅनिटायझर काढून हात चोळले. दोनदा.

कोंडाबाई जवळ सरकली. "सर, मरळ तुमी खाता का?"

"छे छे, मावशी! आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. धरायची, फोटो काढायचा, सोडून द्यायची. जिवाला त्रास नको."

"अन् ह्या गळावरच्याच्या जिवाला?"

"तो चारा आहे हो."

कोंडाबाई बाजूला जाऊन थुंकली. सिंधूला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा सासूचं थुंकणं आपल्याला घाण वाटलं नाही.

"हौद दाखवा," ती म्हणाली.

हौद रानाच्या टोकाला होता. तळाशी वीतभर हिरवा काळा चिखल, त्यात दारूच्या बाटल्या, एक फुगलेला बेडूक आणि कडेला म्हशींनी अंग घासून सोडलेले केस. घरमाश्यांचं मोहोळ घोंघावत होतं.

"पुढच्या महिन्यात गडी लावून साफ करून देतो," सर नाकाला रुमाल लावून म्हणाले. "तोवर ठेवा घरीच."

तोवर. दोनच महिने. जागा बघून राहिलो. सिंधूला हे सगळे शब्द एकाच वासाचे वाटले.

"फावडं हाय का?"

"आत्ता? बाई, उन्हात?"

"फावडं द्या, सर."

तिनं साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि आत उतरली. चिखल पोटरीपर्यंत आला, कोमट, आणि बोटांमधून वर सरकला. तिच्या अंगावर शहारा आला, तो पायापासून डोक्यापर्यंत गेला आणि तिथून जायला जागा नव्हती म्हणून परत खाली आला. बेडूक तिनं फावड्यावर घेतला, डोळे मिटून बाहेर फेकला. तो दयानंदाच्या चपलेपाशी पडला.

"आवो, बघत काय बसलाव? बाटल्या उचला."

कोंडाबाई गुडघा धरून कडेवर बसली आणि वरून खराटा मारू लागली. गळवाल्यांपैकी कुणीही जागचं हललं नाही. एकानं मात्र लांबून फोटो काढला. सिंधूनं फावड्यातला चिखल त्याच्या दिशेनं असा काही फेकला की तो मागं सरकताना झाडाच्या मुळीला अडखळून बसलाच.

पोहून दमलेल्या म्हशीसारखी ती बाहेर आली तेव्हा उन्हं कलली होती. मोटार चालू केली, हौदात पाणी चढलं. गळवाल्यांना लागले तेवढे सोडून बाकीचे मासे तिनं तांब्या तांब्यानंच नव्या पाण्यात सोडले.

"सिंधू," कोंडाबाई हौदात बघत म्हणाली, "हितं तरी चारू देशील का?"

"चारा."

"पोटभर?"

"पोटभर चारा. पण न्यायच्या आदल्या दिशी एक गोळी बी पडली, तर तुमाला त्या ड्रमात बसवून नेईन."

"अन् अवस त्याच दिशी आली तर?"

सिंधूनं जरा विचार केला. "तर त्या दिशी मासे न्यायचे न्हाईत. सरांला सांगा, आज धरायची न्हाई, फोटो काढायचा न्हाई, काही न्हाई."

घरी आल्यावर तिनं चहासुद्धा घेतला नाही. न्हाणीतले उरलेले मासे दयानंदाला ड्रमात भरायला लावले आणि "आत्ताच्या आत्ता नदीत सोडून या" म्हणाली. तो सोडून आला तेव्हा ती छिन्नी-हातोडा घेऊन हौदाच्या भिंतीपाशी बसली होती.

"भिंत राहू दे की," तो म्हणाला. "अडीअडचणीला कामी येईल."

पहिली वीट निघाली. तिच्यामागून काळं पाणी सळसळत आलं आणि सोबत असा वास आला की ओसरीतली कोंडाबाईसुद्धा पहिल्यांदाच म्हणाली, "आयाई गं!"

"आला का वास?" सिंधू आतून ओरडली. "आत्ता आला? दोन वरसांनी?"

विटा बाहेर गेल्या. फरशी तिनं तीनदा घासली, राखेनं, सोड्यानं, मग परत राखेनं. मग दार लावलं. कडी घातली. आतून तांब्याचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला, परत तांब्याचा.

दयानंदानं दारावर टकटक केलं. "सिंधू, सरांचा फोन हाय. म्हणतायत लातूरची काही माणसं परवाच येणार हायेत, तर उद्या संध्याकाळी आणखी थोडे मासे धरून एकाच रात्रीपुरते घरात..."

पाण्याचा आवाज वाढला.

"सिंधू? ऐकून राहिली ना?"

तांब्यामागून तांब्या पडत राहिला. कोंडाबाईनं ओसरीतून लेकाकडं बघितलं आणि म्हणाली, "फोन ठेव गप. बाई न्हाऊन राहिली."